‘विघ्नसंतोषी’ म्हटलं की विचारायचं राहून जातं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते.

कोथरूडमधली ४२ सदनिकांची जुनी सोसायटी. पुनर्विकासाला ३७ सभासदांची संमती आहे, पाच जण सही करत नाहीत. तुम्ही कमिटीवर आहात. तुम्ही विचारलंय, “या विघ्नसंतोषी लोकांना सरळ कसं करायचं? समजावून समजावून थकलो. आता रविवारच्या सभेआधी त्यांची नावं नोटीस बोर्डावर लावणार आहोत.” सोबत व्हॉट्सॲप ग्रुपवरचे दोन-तीन मेसेज दिले आहेत. त्यातल्या “ही कीड एकदाची काढली पाहिजे” या मेसेजवर चौदा अंगठे आले आहेत. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे. या पाचांतले एक काका तुमच्या समोरच्या दारात राहतात, तुमच्या वडिलांना रात्री दीड वाजता त्यांनीच स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं होतं, आणि हल्ली जिन्यात भेट झाली की तुम्ही दोघंही मोबाइलमध्ये बघता.

मी वकील आहे. गेली १९ वर्षं पुण्यात मुख्यतः मध्यस्थीचं काम करते. भावाभावांच्या वाटण्या, नवरा-बायकोचे वाद, भागीदारी मोडलेले धंदे आणि अलीकडे सोसायट्यांचे पुनर्विकास. खाली जे अनुभव सांगते आहे त्यांतले तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेले आहेत.

कायद्याचं आधी उरकून घेऊ, कारण तुमची खरी अडचण तिथे नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती (कोरम) लागते आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के लोकांची संमती लागते. ४२ मध्ये २२ जणांनी भागतं, तुमच्याकडे ३७ आहेत. प्रक्रिया नीट पार पडली असेल तर मूठभर सभासदांना बहुमताचा निर्णय अडवून धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलेलं आहे. म्हणजे वेळ आलीच तर कोर्टातून आदेश मिळवता येईल. फक्त एक लक्षात घ्या, नव्या इमारतीत या पाच जणांचीही घरं असणार आहेत. त्याच लिफ्टमधून ते तुमच्याबरोबर वर-खाली करणार आहेत.

आता मला दिसलेली अडचण सांगते. तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात त्या पाच जणांचं म्हणणं काय आहे, याचं एकही वाक्य नाही. तुम्ही त्यांना समजावलंत हे चार वेळा आलंय. त्यांना विचारलंत, असं एकदाही आलेलं नाही. हा दोष तुमच्या स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. तो त्या शब्दाचा परिणाम आहे. ‘विघ्नसंतोषी’ या शब्दाची फोड करून बघा. दुसऱ्याच्या कामात विघ्न आलं की ज्याला संतोष होतो, तो. म्हणजे कारण शब्दातच भरून ठेवलेलं आहे. तो नाही का म्हणतो? त्याला त्यात आनंद मिळतो म्हणून. मग त्याच्या दारावरची बेल दाबून विचारायला उरतंच काय?

सगळे शिक्के असेच असतात. ‘अंधभक्त’ म्हटलं की त्या माणसाने विचार केलाच नसणार हे आधीच ठरतं. ‘फुरोगामी’ म्हटलं की तो ढोंगी असणार हे ठरतं. ‘देशद्रोही’, ‘मनुवादी’, ‘बिल्डरचा माणूस’ हे सगळे शब्द समोरच्याच्या मताबद्दल काहीच सांगत नाहीत. ते मतामागचा हेतू सांगतात, तोही आपण ठरवलेला. आणि ज्याचा हेतू आपल्याला आधीच कळलाय, त्याचं ऐकून घेण्यात वेळ कोण घालवेल?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तुमच्यासारखंच प्रकरण आलं होतं. तिथे नकार देणारे सात जण होते. त्यांचं नावही ‘विघ्नसंतोषी ग्रुप’ असंच पडलं होतं. मी सातही जणांना वेगवेगळं भेटले.

पहिल्या ७६ वर्षांच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. बांधकाम चालू असताना भाड्याच्या घरात जायचं होतं. भाडं बिल्डर देणार होता, त्यामुळे प्रश्न पैशांचा नव्हता. पण भाडेकरार ११ महिन्यांचा. तीन वर्षांत दोन-तीनदा बिऱ्हाड हलवायचं, आणि एकट्या वयस्कर माणसाला घर द्यायला मालक कचरतात. त्यांची मागणी एवढीच होती, की एकाच घराचा तीन वर्षांचा करार बिल्डरने करून द्यावा. दुसऱ्या गृहस्थांची सदनिका अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर होती आणि बहिणीने हक्कसोड दिलेली नव्हती. सही करायला गेलं तर घरातलं भांडण चव्हाट्यावर येणार. हे सर्वसाधारण सभेत माइक हातात घेऊन कोण सांगेल? तिसऱ्यांचा आक्षेप बिल्डरबरोबरच्या कराराच्या मसुद्यावर होता. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी द्यायची असते, ते कलम त्यांना कुठे सापडत नव्हतं. ते नव्हतंच. ते गृहस्थ बरोबर होते. सभेत दोनदा उभे राहिले, दोन्ही वेळा “झालं यांचं सुरू” म्हणून त्यांना खाली बसवलं होतं. चौथ्यांचा सचिवांवर विश्वास नव्हता, इमारतीच्या रंगकामाच्या जुन्या हिशेबापासून. दोन घरांतली मुलं परदेशात होती आणि ती म्हणत होती, जरा थांबा.

सातव्याला सरळ जास्त जागा हवी होती. हो, असाही होता. “मॅडम, शेवटी सही करणाऱ्याला जास्त मिळतं,” असं त्याने मला तोंडावर सांगितलं. पण त्यालाही विघ्नसंतोषी म्हणणं चुकीचंच. विघ्नात त्याला काडीचा संतोष नव्हता, त्याला दीडशे फूट हवे होते. हे एकदा कळल्यावर त्याचं काय करायचं हेही कळलं. त्याला लेखी कळवलं की सगळ्यांना एकाच सूत्राने जागा मिळेल. विषय संपला.

सात माणसांचे सहा वेगळे नकार होते आणि त्या सगळ्यांवर एकच झाकण बसवलेलं होतं. तिथे जे पुढे झालं ते तुमच्याकडे होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या सात जणांत आपसांत काहीच नातं नव्हतं. त्यांतल्या दोघांचं तर पार्किंगवरून अनेक वर्षं बोलणं बंद होतं. मग एका रात्री कोणीतरी ग्रुपवर सातही नावांची यादी टाकली. त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी एकमेकांना फोन केले. आठ दिवसांत सगळ्यांनी मिळून एकच वकील गाठला. बँक गॅरंटीचं कलम घातलं की सही करतो म्हणणारे गृहस्थ कलम घातल्यावर मला म्हणाले, “आता आमच्या लोकांना सोडून मी एकटा सही कशी करू?” आमचे लोक! महिन्याभरापूर्वी हे लोक त्यांचे कोणीच नव्हते. त्यांची टोळी कमिटीने तयार केली, एका यादीने.

आणि टोळी झाल्यावर तिनेही आपला शिक्का काढला. कमिटीवाले ‘बिल्डरचे दलाल’ झाले. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, तीन वर्षं पदरमोड करून महापालिकेत आणि उपनिबंधक कार्यालयात खेटे घालत होते. “खाल्लेत त्यांनी” हे वाक्य इमारतीत फिरायला लागलं आणि त्यांच्या पत्नीने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खाली येणं बंद केलं. त्या माणसाला मी माझ्यासमोर रडताना पाहिलंय.

माझ्या खोलीत बसलेली माणसं एकमेकांबद्दल कशी बोलतात हे मी कान देऊन ऐकते. त्यातून मला प्रकरण कुठवर गेलंय ते कळतं. आधी नातं जातं, काकांचे ‘ते’ होतात. मग आदरार्थी बहुवचन जातं, ‘ते’चा ‘तो’ होतो. मग एकट्या माणसाचा जमाव होतो, ‘हे लोक’, ‘असली माणसं’, ‘ही जमात’. आणि सगळ्यात शेवटी मराठीतली ती खास सोय वापरली जाते, नपुंसकलिंग. “आलं बघ.” “बसलंय तिथं.” “बोललं का काही?” लेकराबद्दल प्रेमाने आपण असंच बोलतो, पण मोठ्या माणसाबद्दल तिरस्काराने बोललं की त्याची वस्तू होते. माणूसपण काढून घेणं म्हणजे काय, हे समजवायला मला मराठीत वेगळी व्याख्या लागत नाही. क्रियापदाच्या शेवटी ते ऐकू येतं.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या वाटणीत दोन भाऊ तीन बैठका माझ्यासमोर बसले. थोरल्याने धाकट्याचं नाव एकदाही घेतलं नाही. “ते बसलंय ना तिथं, त्याला विचारा.” तिसऱ्या बैठकीत मी विषय बाजूला ठेवला आणि थोरल्याला विचारलं, घरात याला काय म्हणून हाक मारायचात? तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग त्याने एक लहानपणीचं नाव सांगितलं, दोन अक्षरी. धाकट्याने मान खाली घातली. त्याने वाद मिटला, असं मी म्हणणार नाही. तडजोड व्हायला पुढे पाच महिने लागले आणि जिन्याखालच्या खोलीवरून दोघं शेवटपर्यंत भांडले. पण त्या दिवसानंतर ‘ते’ पुन्हा ‘तो’ झालं, आणि ‘तो’शी भांडता येतं, व्यवहारही करता येतो.

तुमच्या ग्रुपवरचा ‘कीड’ हा शब्द मला सगळ्यांत जास्त खटकला, तो यासाठीच. एखाद्या शब्दाने असं काय होतं, असं वाटत असेल तर एक प्रयोग सांगते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की दुसऱ्या खोलीतला गट चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, तीव्रता तुम्ही ठरवायची. प्रत्यक्षात झटका कोणालाच बसत नव्हता. सुरुवातीला मात्र सहायकाचं बोलणं सहज कानावर पडल्यासारखं ऐकवलं जायचं. कधी तो त्या गटातल्यांना समजूतदार माणसं म्हणायचा, कधी जनावरांसारखी. ज्यांच्याबद्दल ‘जनावर’ ऐकलं होतं त्यांना विद्यार्थ्यांनी जास्त तीव्र झटके दिले. ना ओळख, ना भांडण, फक्त कानावर पडलेलं एक विशेषण. १९९४ मध्ये रवांडात नरसंहारापूर्वी आणि तो चालू असताना रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळं’ म्हटलं जात होतं. सोसायटीच्या भांडणाला त्या पंक्तीला मी बसवत नाही. पण मतभेद असलेल्या माणसाशी बोलतात, किडीवर औषध मारतात, आणि हा फरक चौदा अंगठे देणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आला नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

नावं बोर्डावर लावायची कल्पना पुण्याला नवी नाही. १८९० मध्ये इथल्या पंचहौद मिशन या ख्रिस्ती संस्थेत एक कार्यक्रम झाला, तिथे पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली गेली. ख्रिस्त्यांच्या हातचं घेणं तेव्हा धर्म बुडवणं मानलं जायचं. हजर असलेल्यांत रानडेही होते आणि टिळकही, एरवी बहुतेक बाबतींत एकमेकांच्या विरोधात असलेले. पुढे गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा कोणी का घेतला, कोणी नुसता कप हातात धरला, हे कोणालाच विचारायचं नव्हतं, यादीत नाव आहे एवढं पुरेसं होतं. याच शहरात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली. चाळिशीही न गाठता गेलेला, दम्याने पिचलेला माणूस, त्याने आपलीच प्रेतयात्रा पाहिली. लोकांचं त्यांच्याशी मत जुळत नव्हतं, तेवढ्यासाठी. ‘सुधारक’ हा तेव्हा शिवीसारखा वापरला जाणारा शब्द होता, आज आपण तो कौतुकाने वापरतो.

इथे एक अट घालायलाच हवी. समोरच्याला समजून घ्या, हा सल्ला मी सगळ्यांना देत नाही. मार खाणारी बाई माझ्यासमोर येते तेव्हा नवऱ्याची बाजू समजून घे असं मी तिला सांगत नाही. १८४८ पासून भिडेवाड्यातल्या शाळेत जाताना अंगावर चिखल-शेण झेलणाऱ्या सावित्रीबाईंनी फेकणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्यायला हवं होतं, असं कोणी म्हणू नये. ज्याच्या हातात ताकद आहे त्याने मारलेला शिक्का आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अन्यायाला दिलेलं नाव, या दोन गोष्टी मी एका तागडीत टाकत नाही. तसंच, सिद्ध झालेल्या कृत्याला त्याच्या नावाने हाक मारण्यात काही चूक नाही. रंगकामाच्या हिशेबात अफरातफर झाली असेल तर अफरातफरच म्हणायचं. तुमच्या प्रकरणात मात्र ३७ जण एका बाजूला आहेत, कमिटी, बिल्डर आणि कायदाही तिकडेच आहे. आधी पाऊल उचलायची जबाबदारी तुमच्यावर येते ती म्हणून.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही, मला स्वतःला ते दर वेळी जमतं असंही नाही. एका कौटुंबिक प्रकरणात पहिल्याच बैठकीत मी वडिलांच्या नावापुढे वहीत ‘हट्टी’ असं लिहिलं. चौथ्या बैठकीनंतर माझ्या ज्युनिअरने तिची टिपणं दाखवली. त्या गृहस्थांनी तोवर तीन वेगवेगळे प्रस्ताव दिले होते. माझ्या वहीत एकही नव्हता. मी समोर बसून ते ऐकले होते आणि एकही नोंदवला नव्हता, कारण हट्टी माणूस प्रस्ताव देत नाही. त्या कुटुंबाचे दोन महिने माझ्या एका शब्दापायी वाया गेले. तेव्हापासून वहीत मी माणसापुढे विशेषण लिहीत नाही. काय बोलला, काय केलं, एवढंच लिहिते.

हाच नियम तुमच्या कमिटीने ग्रुपवर लावून बघा. “अमुक यांनी सही केलेली नाही” हे चालेल. “अमुक यांनी मसुद्याची प्रत मागितली” हे चालेल. अमुक हे कसे आहेत, हे चालणार नाही. ज्यांनी ‘कीड’ लिहिलं त्यांच्यावरही आता ‘विषारी माणूस’ असा शिक्का मारू नका. ते वरच्या मजल्यावर राहत असतील आणि चार पावसाळे गळक्या छताखाली बादल्या लावत असतील, तर त्यांचा संताप मला कळतो. त्यांनाही विचारा.

बोर्डावर नावं लावू नका. जमलं तर रविवारची सभाच पंधरा दिवस पुढे ढकला. या पंधरा दिवसांत पाचही जणांकडे त्यांच्या घरी जा, एका घरी एकच माणूस, आधी फोन करून. सचिवांनी जाऊ नये, ज्याचं त्या घरात येणं-जाणं आहे त्याने जावं. संमतीपत्र बरोबर नेऊ नका. कागद टेबलावर आला की समोरचा माणूस फक्त त्या कागदाशी बोलतो. प्रश्न एकच विचारायचा, “तुम्हाला यात नक्की काय अडतंय?” आणि गप्प बसायचं. मध्ये उत्तर द्यायचं नाही, त्यांनी चुकीची माहिती सांगितली तरी लगेच दुरुस्त करायची नाही. शेवटी त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत त्यांना सांगायचं आणि “हो, हेच” असं त्यांच्या तोंडून येईपर्यंत सुधारत राहायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात ते येतं. एखादा काहीच सांगणार नाही, एखादा खरंच अडवून पैसे मागेल. तशाला लेखी उत्तर द्या, आणि गरज पडली तर कोर्टात जा. कोर्टात गेलात तरी त्याच्याविरुद्ध गेलेले असाल, किडीविरुद्ध नाही, एवढं सांभाळा.

समोरच्या दारातल्या काकांकडे तुम्ही स्वतः जा. वडिलांच्या त्या रात्रीबद्दल त्यांच्याशी कधी नीट बोलला नसाल तर आधी ते बोला, आणि पुनर्विकासाचा विषय त्यांनी काढला तरच काढा. त्यांनी मसुदा मागितला तर मोठ्या अक्षरात छापून द्या. हे मसुदे नेहमी बारीक टायपात असतात आणि वयस्कर माणसं वाचता येत नाही हे सांगत नाहीत, नुसती सही करत नाहीत.

पाचही भेटी झाल्या की प्रत्येकाचं म्हणणं एकेका वाक्यात लिहून इथे टाका, नावं न देता. मसुद्यात त्यातलं काय बसवता येईल ते मी सांगते.